सिंदखेडच्या वाड्यातली रंगपंचमी

टेंभुर्णीहून सकाळी लवकर निघा. दिवस मात्र मी सांगतो तोच धरा: फाल्गुन वद्य पंचमी. होळी होऊन पाच दिवस झालेत, हरभरा घरात आलाय, गव्हाची सोंगणी चाललीय आणि करडई काढणाऱ्यांचे हात काट्यांनी ओरबाडून निघालेत. एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली तर बांधावरचे पळस बघत चला. झाडावर पान नाही, नुसती फुलं. ती फुलं लक्षात ठेवा, दुपारी आपल्याला ती पुन्हा भेटणार आहेत.

देऊळगाव राजावरून पुढे सिंदखेड राजा. या वाटेवर जालना जिल्हा संपून बुलढाणा लागतो, मराठवाडा संपून विदर्भ लागतो. आपण ज्यांच्याकडे निघालोय त्यांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना निजामशाहीचा दरबार ठाऊक आहे, वेरूळचे भोसले ठाऊक आहेत, पैठणची गंगा ठाऊक आहे. आणि भोवतालच्या खेड्यांना ठाऊक आहे तो एक वाडा, लखुजीराव जाधवांचा.

सिंदखेडला उतरल्यावर वाडा कुठे म्हणून विचारावं लागत नाही. नागपूर-मुंबईच्या जुन्या रस्त्यालगतच त्याचं महाद्वार उभं आहे. समोरून ट्रक जातात, भोंगे वाजतात, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ घुंगरं वाजवत असतं. आत गेलं की पडक्या भिंती, उघडी जोती, खाली उतरणारी तळघरं आणि जिजाऊंचा जन्म झाला ती जागा. बहुतेक माणसं तिथे डोकं टेकवतात, एक फोटो काढतात आणि अर्ध्या तासात बाहेर पडतात. डोकं टेकवायलाच हवं. पण एवढ्यावर परत फिरलात तर वाडा राहिला, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून आज आपण संध्याकाळपर्यंत आत राहायचं, आणि तेही चारशे वर्षं मागे जाऊन.

आधी थोडी तयारी. मोबाइल बाहेर ठेवा, घड्याळ काढा. शर्टाची बटणं आणि पँटची चेन बघून पहारेकरी गोळा होतील, तेव्हा धोतर नेसा आणि बंदांची बंडी घाला. बायकांनी लुगडं-चोळी. डोकं उघडं नको, पुरुषांचंही नको. प्लास्टिकची पाण्याची बाटली इथेच राहू द्या. खिशात तंबाखूची पुडी असेल तर तीही. ती वस्तू विजापूरकडे नुकती कुठे दिसू लागलीय, इथे तुम्हाला दहाजण विचारतील की हा कसला पाला आणि कोणत्या वैद्याने दिला. चहा तर पिऊनच या. आत तो कुणाच्या स्वप्नातही नाही.

झालं? मग उंबरठ्यावर उजवा पाय ठेवा.

पहिल्यांदा कळतं ते नाकाला. घोड्याची लीद, ओला चारा, गोवऱ्यांचा धूर, तापलेलं करडईचं तेल, माणसांचा घाम, आणि या सगळ्यावर तरंगणारा कुठलासा गोड उग्र वास. मग कान. तुम्ही कमानीखाली आहात आणि डोक्यावरच्या नगारखान्यात नेमकी टिपरी पडलीय. आवाज कानात शिरायच्या आधी छातीत शिरतो, दात कडकड वाजतात. सनई त्याच्यावर चढते. अजून दुसरा सूर लागतोय तोवर मागून कुणीतरी ढकलतं, कारण तुम्ही वाट अडवून उभे आहात आणि मागे चाऱ्याच्या गाड्यांची रांग लागलीय.

पहारेकरी भाला आडवा धरतो. कोणत्या गावचे? टेंभुर्णी म्हणा. मान हलते. पुढचा प्रश्न लगेच येतो: कोणाच्या घरचे?

इथे जपून. या एका उत्तरावर तुमचा पुढचा दिवस ठरणार आहे. देवडीत बसायचं की उभं राहायचं, पाणी भांड्यातून मिळणार की वरून ओंजळीत, चौकात जायला मिळणार की दाराबाहेरूनच जोहार घालून परतायचं, सगळं त्यावरच. आज वाड्यात मोकळेपणाने फिरणाऱ्या कितीतरी लोकांच्या खापरपणज्यांना ही कमान ओलांडता आली नसती. त्यांनी बाहेरच्या भिंतीचा दगड डोक्यावर वाहिला असेल, वेठीला येऊन चिखल तुडवला असेल. म्हणून आत जाताना भिंतीला हात लावा. हा दगड कुणाच्या तरी खांद्यावरून इथवर आलेला आहे.

आज सण आहे, मालक खुशीत आहेत, म्हणून तुम्हाला आत सोडतात.

चौकात ऊन भाजतंय. डाव्या अंगाला पागा धरा. मोतद्दार घोड्यांना खरारा करतायत, केसांचे आणि धुळीचे लोट उडतायत. तोबऱ्यात भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी, तिचा आंबूस वास. पोर्तुगिजांच्या आणि अरबांच्या गलबतांतून कोकणच्या बंदरात उतरलेला एखादा उंच घोडा असतो, त्याच्याभोवती दोन माणसं सतत. बाकी आपली दख्खनी तट्टं, बुटकी, चिवट, लाथा झाडणारी. त्यांच्या मागून जाऊ नका. लोहार नाल ठोकतोय, खुराचा जळका वास येतोय. एक बारगीर आपल्या फाटक्या जिनाकडे बघत मोच्याशी हुज्जत घालतोय, आणि त्याची भाषा तुम्हाला निम्मी समजते. शब्द मराठी, मध्येच फारसी, आणि तोंडात सिंदखेडची माती.

माश्या खूप आहेत. याची सवय होईल.

पलीकडे पडवीत कारकून बसलेत. इथे आवाज एकदम खाली येतो. मांडी घालून, एक गुडघा वर घेऊन, गुडघ्यावर कागद. बोरूचा कुरकुर आवाज ऐका. शाई काजळाची, डिंक घालून घोटलेली. कागद दौलताबादेचा, तिकडच्या कागजीपुऱ्यात चिंध्या कुटून केलेला, वर गुळगुळीत घोटलेला. मोडी अक्षर एका दमात पळत सुटतं, ओळ संपेपर्यंत बोरू उचलायचाच नाही. लिहून झालं की चिमूटभर बारीक वाळू टाकायची, कागद तिरका करायचा, वाळू परत डबीत. शाई वाळली. तुम्ही इसवी सन विचाराल तर तो चक्रावून बघेल. त्याच्या कागदावर शुहूर सन आहे. आपल्या हिशेबाने 1603 किंवा 1604 धरू आणि पुढे जाऊ. त्याच्यासमोर एक शेतकरी उकिडवा बसलाय, डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर घेतलेलं. यंदा गारपिटीने गहू झोपला म्हणून सूट मागतोय. कारकून मान वर करत नाही. एवढं बघितलंत की तुम्हाला या वाड्याचा पैसा कुठून येतो ते समजलं.

आता भूक लागली असेल. चला मुदपाकखान्यात.

दारातच डोळे झोंबतात. धुराला जायला वर झरोका आहे, पण धुराला ते माहीत नाही. भिंती काजळीने काळ्या, जमीन शेणाने सारवलेली, तिच्यावर पाणी सांडून घसरडं झालेलं. एका रांगेत चुली. त्यांच्यावर तांब्याची हंडी, आतून कल्हईने पांढरी, बाहेरून काळी ठिक्कर. एकेक हंडं उचलायला दोन माणसं लागतात, कानाला आडवं लाकूड घालून. तुरीचं वरण रटरटतंय, हिंगाची फोडणी पडली की सगळ्या खोलीला ठसका लागतो. कोपऱ्यात दोन बायका पाट्यावर पुरण वाटतायत, कपाळावरचा घाम मनगटाने पुसतायत, हात थांबत नाहीत. त्यांच्या मागे भाकरीचा थाप थाप आवाज. ज्वारीच्या पिठाचा गोळा तळहातावर फिरत फिरत पसरतो, तव्यावर पडतो, वरून पाण्याचा हात फिरतो. हे मात्र तुम्ही ओळखलंत. टेंभुर्णीत तुमच्या आजीचा हात असाच फिरायचा.

पंगतीला बसा आणि पहिला घास घ्या. काहीतरी कमी आहे ना? तिखट आहे, पण ते जिभेच्या टोकाला न लागता घशात मागून चढतंय. मिरे, सुंठ, पिंपळी. मिरची समुद्रापलीकडून पोर्तुगिजांबरोबर किनाऱ्याला उतरली खरी, पण इथल्या घरोघरच्या चुलीवर ती अजून रुळलेली नाही. तेव्हा ठेचा मागू नका, कुणालाच कळणार नाही. शेंगदाण्याचा कूटही मागू नका. बटाटा नाही, टोमॅटो नाही. येताना तुम्ही ज्या शिवारांतून आलात तिथे पावसाळ्यात पिकणाऱ्या सोयाबीनचं तर नावही कुणी ऐकलेलं नाही. मग काय आहे? जवसाची चटणी, तिळाचं कूट, वांग्याचं भरीत, चिंचेचं सार, करडईच्या कोवळ्या पाल्याची भाजी, ताक, आणि आज सण म्हणून पुरणाची पोळी. पोळीवर तूप अंगठा बुडेल एवढं. मी तर म्हणतो, मराठवाड्यातल्या माणसाने हे ताट एकदा जेवून बघावं. मिरची आणि शेंगदाणा काढून घेतल्यावरही आपलं जेवण आपलंच राहतं, हे तिथे जिभेला पटतं.

पाणी पिताना भांड्याच्या तोंडाला फडकं धरलेलं दिसेल. ते गाळण आहे. हे पाणी सकाळपासून वाहून आणलंय. बारवेवर मोट चालतेय, बैल उताराने जातात आणि मागे सरत येतात, चाक कर्रकर्र करतं, कातड्याची मोट थारोळ्यात उपडी होते. तिथून पखालींनी वाड्यात. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना भरलेली पखाल लोंबते, खाली ओल्या ठिपक्यांची रेघ पडत जाते, आणि त्या रेघेवर चिमण्या उतरतात. गावाला मोती तलाव आहे, चांदणी तलाव आहे, दगडी बांध घालून अडवलेलं पाणी. या मुलखात पाण्याची सोय करणारा धनी लोक विसरत नाहीत. आमच्याकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. फाल्गुनातच टँकरची वाट बघणारी गावं आपण पाहिलेली आहेत.

आता पुढचं. तुम्ही पुरुष असाल तर पुढच्या परिच्छेदात पडद्याबाहेर थांबा आणि जे ऐकू येईल त्यावर समाधान माना. बाई असाल तर सरळ आत या.

लखुजीरावांच्या पत्नी म्हाळसाबाई यांच्या महालात उन्हाचा मारा कमी आहे. भिंती जाड, खिडक्या लहान, दारांवर वाळ्याचे पडदे. एक मुलगी सतत त्यांच्यावर पाणी शिंपडतेय. कमानीत आल्या आल्या जो गोड उग्र वास तुम्हाला आला होता तो हाच. पण ही जागा शांत असेल असं समजून आलात तर फसाल. इथे पन्नास माणसांचं रोजचं घर चालतं. कुणाचं बाळ रडतंय, सुईण तेल कोमट करतेय. कासार बांगड्या भरायला आलाय, तो पडद्याबाहेर बसलाय आणि हात तेवढे पडद्यातून बाहेर येतायत. एक म्हातारी कुणाच्या तरी मामेसासऱ्याच्या वतनाचा वाद पहिल्यापासून सांगतेय, आणि ऐकणाऱ्या सगळ्याजणींना तो तोंडपाठ आहे. पहाटे जात्यावर बसलेल्या बायका आता भिंतीला टेकून पेंगतायत, पापण्यांवर अजून पीठ आहे. कोण कुणाची मुलगी, कोण कुठे दिली, कुणाचा नवरा कुठल्या लढाईतून आला नाही, सगळा हिशेब इथे तोंडी आहे. बाहेर कारकुनाच्या कागदावर जो मुलूख आहे त्याच्याइतकाच पक्का. लढाईहून न आलेल्या माणसाचं नाव निघालं की क्षणभर सगळ्या गप्प होतात, मग कुणीतरी मुद्दाम मोठ्याने बांगड्यांचा भाव विचारतं.

दुपार फार चढली की सगळ्यांच्या आधी लहान मुलं तळघराकडे पळतात. तुम्हीही या. दगडी पायऱ्या उतरताना चौथ्या-पाचव्या पायरीपाशी हवा बदलते, भरलेल्या माठाच्या बुडाला हात लावावा तसा गारवा घोट्यापासून वर चढत जातो. खाली अंधार, धान्याचा वास, कडूनिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास, आणि वटवाघळांचा. डोळे सरावले की भिंत दिसते. चुना नीट बघा. बाहेर अंगणात त्याची घाणी चालू आहे: गोल चरातून बैल दगडी चाक ओढतो, चुना आणि वाळू तासन्‌तास मळली जाते, लोण्यासारखी होईपर्यंत थांबायचं नसतं. त्या चुन्यात बैलाचा आणि बैलामागच्या माणसाचा वेळ गेलाय. आज चारशे वर्षांनंतर वरचे मजले गेले, छपरं गेली, सागवानी खांबांचा मागमूस नाही, पण हा चुना नखाने खरवडला जात नाही.

वरून आरडाओरडा ऐकू येतोय. रंग सुरू झाला.

रंगमहालाकडे धावा. सकाळचे ते पळस इथे आहेत. रात्रभर मोठ्या कढयांमध्ये फुलं उकळलीत, पाणी गडद केशरी झालंय, त्याला जंगलासारखा वास आहे. हळदीत चुना कालवून तांबडा केलाय. गुलालाची परात उपडी झालीय आणि हवा गुलाबी. पितळेच्या पिचकाऱ्यांचा सूं आवाज येतो आणि कोमट पाणी तुमच्या मानेवरून पाठीत उतरतं. वळून बघेपर्यंत दुसरी पिचकारी डोळ्यात. कोण सरदार, कोण शिलेदार, कोण मोतद्दार, एका घटकेत कळेनासं होतं. पागोटी सुटलीत, मिशा केशरी झाल्यात. पायाखाली चिखल. कुणीतरी घसरतं आणि हशा उसळतो. डफ वाजतोय, त्याच्या तालावर दोन माणसं सोंग घेऊन नाचतायत. पडद्यामागच्या सज्जातून बायकांचं हसणं ऐकू येतं, मध्येच वरूनच रंगाची घागर रिकामी होते आणि खाली एक मोठा सरदार गळ्यापर्यंत भिजतो.

आणि या सगळ्या मोठ्या माणसांच्या पायांतून एक मुलगी पळतेय. पाच-सहा वर्षांची. परकर गुडघ्यापर्यंत खोचलेला, हातात गुलाल. ओळखलंत. पण ओळखलं असं दाखवू नका, मुजरा करू नका, तिला यातलं काही माहीत नाही. आत्ता तिचा सगळा जीव एका मुलाला गाठण्यात आहे. तो वेरूळच्या मालोजी भोसल्यांचा शहाजी. तो खांबाआड लपतो, ती दुसऱ्या बाजूने येते, आणि मूठभर गुलाल त्याच्या तोंडावर.

पुढचं बखरींनी लिहून ठेवलंय आणि सिंदखेडमध्ये आजही घरोघर सांगतात. लखुजीराव मुलांकडे बघून हसत म्हणून गेले की जोडा काय छान शोभतो. मालोजींनी तो शब्द धरला, भरल्या बैठकीत व्याही झालो म्हणाले. म्हाळसाबाईंना ते मुळीच रुचलं नाही. जाधवांच्या लेकीला भोसल्यांच्या घरी द्यायची, ही गोष्ट त्यांच्या गळी उतरेना. लग्न पुढे झालंच. मला या कथेत नेहमी तो क्षण दिसतो जेव्हा हसणं थांबलं असेल. डफ वाजायचा राहिला, सोंगाड्यांना काय करावं कळेना, मोठी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत, आणि पोरं मात्र खेळतच आहेत. तुम्ही तिथे ओलेचिंब उभे आहात. केशरी पाणी कानातून गळतंय. काही बोलू नका.

ऊन उतरलं. बारवेवर अंघोळी उरकल्या, पण रंग नखांत राहिलाय. तिन्हीसांजेला देवळाकडून घंटा ऐकू येते, नीळकंठेश्वराला दिवा लागला. वाड्यात मशालजी तेलाची बुधली घेऊन फिरतोय, पलित्यावर तेल ओततो, भडका होतो, पुन्हा ओततो. मशालीचा उजेड सतत हलतो. त्या उजेडात माणसांची तोंडं घडीघडीला बदलतात, सावल्या भिंतीवर माणसापेक्षा मोठ्या. आपल्याला या अंधाराची सवय राहिलेली नाही. मशालीपासून दहा पावलं गेलात की स्वतःचा हात दिसत नाही, आणि वर आभाळात इतके तारे आहेत की तुम्ही बघतच राहाल.

महाद्वाराबाहेर मैदानात माणसं जमलीत. आता कुणी कुणाच्या घरचं विचारत नाही, निदान तेवढं विचारत नाही. पैठणचे एकनाथ महाराज जाऊन चार-पाच वर्षंच झालीत, त्यांची भारुडं अजून ताजी आहेत. टाळ वाजतो, एकजण डोक्यावर टोपली घेऊन सोंग काढतो. पुढे पोरं, मागे गडीमाणसं, कडेला जरा अंतर ठेवून बसलेली आणखी माणसं. ते अंतर मशालीच्या उजेडातही दिसतं. ज्यांच्या तोंडी ही भारुडं घातलीत तीच माणसं सगळ्यांत लांब बसलीत. भारूड ऐकताना सगळे एकाच ठिकाणी हसतात. वाड्याच्या सज्जात कुणीतरी बाई उभी आहे, तिच्या कडेवर दिवसभर पळून दमलेली मुलगी झोपी गेलीय की जागी आहे, इतक्या लांबून सांगता येत नाही.

दरवाजा बंद व्हायची वेळ झाली. निघायला हवं. कमानीखालून बाहेर पाय टाका.

ट्रकचा भोंगा. परत आलात.

आता त्याच वाड्यात पुन्हा एक फेरी मारा. मघाशी जी नुसती जोती दिसत होती तिथे कारकून बसला होता. या खड्ड्याशेजारी चुली होत्या. या पायऱ्यांनी पोरं खाली पळत होती. जन्मस्थानापाशी उभं राहिलात की एक गोष्ट ध्यानात येईल: 12 जानेवारी 1598 ला इथे जन्मलेली मुलगी एका खोलीत वाढली नाही. ती या सगळ्या गलबल्यात वाढली. कारकुनाच्या समोर उकिडवा बसलेला शेतकरी तिने पाहिला होता, लढाईहून न आलेल्यांची नावं तिने ऐकली होती, पागेतल्या घोड्यांची नावं तिला पाठ असणार. पुढे तिने पुण्यात मुलाला जे शिकवलं त्याची सुरुवात मला या चौकात दिसते. पोथीपुराणांइतकीच ही पागा आणि हा मुदपाकखाना तिच्या उपयोगी पडले असतील, असं मला मनापासून वाटतं.

वाड्यातून लखुजीरावांच्या समाधीकडे जा. मोठी, घुमटाची, दगडी वास्तू. 1629 साली देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या, दरबारात लखुजीराव, त्यांचे दोन मुलगे आणि नातू दगा होऊन मारले गेले. रंगात भिजलेल्या त्या माणसांमधले हे चौघे, किंवा त्यांतले काही, हे आठवून तिथे दोन मिनिटं थांबा. याच समाधीच्या परिसरात 2024 मध्ये पुरातत्त्व खात्याचं काम चालू असताना जमिनीखाली जुन्या देवळाचा पाया लागला आणि पाठोपाठ शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती निघाली. वाडा उभा राहिला तेव्हाही सिंदखेड जुनंच गाव होतं. तिथून पुतळा बारव बघा. भिंतींतून कोरलेल्या मूर्ती आहेत, पाण्याजवळ उतरताना त्या दोन्ही बाजूंनी सोबत करतात. काळा कोटही चुकवू नका, त्याच्या भिंतीची जाडी डोळ्यांना खोटी वाटते, हात लावूनच खात्री करावी लागते.

12 जानेवारीला इथे लाखो माणसं येतात, त्या गर्दीचं तेज वेगळंच असतं आणि त्या दिवशी जरूर जावं. पण एकदा साध्या दिवशीही जा. टेंभुर्णी, जाफराबाद, भोकरदनकडच्या शाळांनी लांबच्या सहली काढण्याआधी एक सहल इथली काढावी, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतता येतं. घरात पाच-सहा वर्षांची मुलगी असेल तर तिला नक्की न्या. जन्मस्थान दाखवाच, पण त्याआधी रंगमहाल दाखवा आणि तिला तिथे पळू द्या.